चोथा, साका आणि पाण्याचा हिशेब

कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून फडक्यातून पिळून घ्यायचे. फडक्यात चोथा राहतो, पातेल्यात दुधासारखे पाणी उतरते. ते रात्रभर हलवायचे नाही. सकाळी वरची निवळ अलगद ओतून दिली की तळाशी पांढरा, घट्ट साका बसलेला असतो. हा साका म्हणजे मुख्यतः स्टार्च, वनस्पतींमधल्या पॉलिसॅकॅराइडांपैकी सर्वांत परिचित. प्रयोगशाळेच्या भाषेत या साऱ्या खटाटोपाला निष्कर्षण म्हणतात. त्यासाठी लागलेली साधने म्हणजे पाणी, फडके, गुरुत्वाकर्षण आणि पुढे वाळवण्यासाठी ऊन. चीक पाण्यापासून वेगळा करायला सरपण जाळावे लागले नाही, कोणतेही घातक द्रावक लागले नाही, आणि अनेक घरांत चोथाही फेकला जात नाही, त्याच्या भुसवड्या होतात. हवा तो पदार्थ पाण्यातून कसा वेगळा केला, तो वेगळा होताना शाबूत राहिला का, आणि उरलेल्या चोथ्याचे काय झाले, या तीन प्रश्नांना या जुन्या रीतीत चोख उत्तरे मिळतात. वनस्पतींतील उपयुक्त पॉलिसॅकॅराइडे ‘हरित’ पद्धतींनी काढण्याच्या आजच्या शास्त्राची ओळख करून घेताना हेच तीन प्रश्न हाताशी ठेवावेत, असे या प्रस्तावनेचे सांगणे आहे.

पॉलिसॅकॅराइड म्हणजे शर्करेच्या शेकडो किंवा हजारो छोट्या रेणूंची एकमेकांना जोडलेली माळ. मणी कोणते, ते कोणत्या बाजूने जोडलेले आहेत, मुख्य माळेला फांद्या किती आणि कुठे, एवढ्यावर त्या पदार्थाचे सारे चरित्र ठरते. त्याच ग्लुकोजच्या मण्यांपासून एका जोडणीने पचणारा स्टार्च होतो आणि दुसऱ्या जोडणीने माणसाला न पचणारा, कापसाच्या धाग्यातला सेल्युलोज होतो. मेथीदाण्याला भिजवल्यावर सुटणारा बुळबुळीतपणा, भेंडी चिरताना निघणारी तार, इसबगोलाच्या भुशीचा फुगून होणारा गोळा, जवसाच्या कोमट पाण्याला येणारा चिकटपणा, कोरफडीचा गर, पेरूच्या जेलीला येणारी थरथर, ही सगळी याच कुळातल्या वेगवेगळ्या रेणूंची कामे आहेत. धनगरांच्या घोंगडीला ताठपणा देणारी चिंचोक्याची खळ हेसुद्धा एक पॉलिसॅकॅराइडच. मराठी माणसाला हे पदार्थ नवे नाहीत. नवे आहे ते त्यांना शुद्ध रूपात, ठरावीक गुणांसह, मोठ्या प्रमाणावर आणि निसर्गाला कमीत कमी ओरखडा काढून मिळवण्याचे शास्त्र.

गव्हाच्या चिकाची रीत या इतर पदार्थांना मात्र लागू पडत नाही, आणि त्याचे कारण समजले की या विषयाची मेख हाती लागते. स्टार्चचे दाणे थंड पाण्यात विरघळत नाहीत, आणि पाण्याहून जड असल्याने तळाशी बसतात. पेक्टिन, मेथीतले गॅलॅक्टोमॅनन, ओटमधले बीटा-ग्लुकन किंवा कोरफडीतले ॲसिमॅनन हे रेणू पाण्यात शिरतात, पसरतात, आपल्याभोवती पाणी जखडून ठेवतात. ते रात्रभरच काय, महिनाभर ठेवले तरी साक्यासारखे खाली बसणार नाहीत. पाणी धरून ठेवण्याची ही ओढ हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. तिच्यामुळेच ते आतड्यात जेलसारखे पसरतात, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर परिणाम करतात, जॅम घट्ट करतात, जखमेवरचा ओलावा टिकवतात. आणि हीच ओढ त्यांना पाण्यापासून वेगळे करणे महाग करते. ज्या गुणासाठी हे रेणू हवेत, तोच गुण त्यांना मिळवण्याच्या आड येतो. म्हणून एखादी पद्धत खरोखर हरित आहे की नाही, याचा निवाडा मुख्यतः वनस्पतीतून रेणू पाण्यात उतरतो त्या क्षणी होत नाही. तो पुढे, पाणी काढून टाकताना होतो. आजच्या चर्चेत सारा प्रकाश पहिल्या क्षणावर पडतो आणि दुसरा अंधारात राहतो. हा तोल सावरणे गरजेचे आहे.

हे रेणू ‘उपयुक्त’ म्हणायचे ते कशाच्या आधारावर, हे आधी स्पष्ट व्हायला हवे, कारण या क्षेत्रात आशेवर उभे असलेले दावे पुष्कळ आहेत. पुराव्यावर टिकलेलेही आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओटच्या बीटा-ग्लुकनबाबत रोज ३ ग्रॅम आणि १९९८ मध्ये इसबगोलाच्या भुशीतील विद्राव्य तंतूंबाबत रोज ७ ग्रॅम या प्रमाणाला धरून हृदयरोगाचा धोका कमी होण्यासंबंधीचा दावा मान्य केला. युरोपीय संघाच्या २०१२ च्या यादीत पेक्टिनही आहे: कोलेस्टेरॉल सामान्य राखण्यासाठी रोज ६ ग्रॅम, आणि जेवणानंतर रक्तातली साखर कमी वाढावी यासाठी जेवणाबरोबर १० ग्रॅम. हे परिणाम कुठल्या गूढ शक्तीने होत नाहीत. लांब माळा पाणी धरून आतड्यातला ऐवज घट्ट करतात, त्यामुळे साखर शोषली जाण्याचा वेग मंदावतो आणि पित्ताम्ले शरीराबाहेर टाकली जातात. माळ लांब असणे यात किती महत्त्वाचे आहे, ते २०१० मध्ये टॉमस वोल्व्हर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ओटवरील अभ्यासाने दाखवून दिले. बीटा-ग्लुकनचा रेणूभार सुमारे २२ लाखांवरून २ लाख १० हजारांवर आला, तेव्हा घातक कोलेस्टेरॉल कमी करण्याची त्याची ताकद साधारण निम्म्यावर आली. दोन्ही वेळी पदार्थाचे नाव तेच होते आणि रासायनिक घटकही तेच. फक्त प्रक्रियेत माळ तुटली होती. निष्कर्षणाची पद्धत निवडणे म्हणजे पदार्थाचा गुण निवडणे, हे या एका उदाहरणावरून मनावर ठसावे.

या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत शिकवणारा दाखला पेक्टिनचा आहे. लुई निकोला व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १७९० मध्ये फळातून हा जेलीसारखा पदार्थ प्रथम सापडला, आणि ते फळ होते चिंच. आंरी ब्राकोनो याने १८२५ मध्ये त्याला ‘गोठलेले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पेक्टिन हे नाव दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात सफरचंदाच्या चोथ्यापासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. आज त्याचा मुख्य कच्चा माल लिंबूवर्गीय फळांची साल हा आहे. वाळलेल्या सालीत साधारण २० ते ३० टक्के पेक्टिन असते, तर सफरचंदाच्या चोथ्यात १० ते १५ टक्के. रूढ पद्धत अशी: साल पाण्यात घालायची, नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिकसारखे खनिज आम्ल घालून सामू १.५ ते ३ पर्यंत उतरवायचा, ६० ते १०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवायचे, गाळायचे, आणि गाळलेल्या द्रवात दुप्पट-तिप्पट अल्कोहोल ओतायचे. अल्कोहोल पाण्याला आपल्याकडे ओढते, पेक्टिनला पाण्याचा आधार सुटतो आणि ते तंतूंसारखे गोळा होते. ही पद्धत शंभर वर्षे टिकली, कारण ती खात्रीची आणि मोठ्या टाक्यांत सहज चालणारी आहे. तिच्यात दोष आहेत तेही उघड आहेत. आम्ल भांड्यांना खाते, शेवटी ते उदासीन करताना क्षारयुक्त सांडपाणी तयार होते, आणि तासन्‌तासाचे गरम आम्ल पेक्टिनच्या बाजूच्या फांद्या छाटून टाकते. जॅमला घट्ट करणारा सरळ भाग वाचतो; शरीरात कामी येऊ शकणारी फांद्यांची गुंतागुंत मात्र हरवते.

या दोषांवर उत्तर म्हणून हरित पद्धती पुढे आल्या. पॉल ॲनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. फरीद शेमा, मॅरिलिन अबेर व्हियाँ आणि जानकार्लो क्रावोत्तो यांनी २०१२ मध्ये नैसर्गिक पदार्थांच्या हरित निष्कर्षणासाठी ६ तत्त्वे दिली. कच्चा माल पुन्हा उगवणारा असावा, द्रावक निरुपद्रवी असावे, ऊर्जा कमी लागावी, टाकाऊ भाग उपपदार्थ व्हावा, प्रक्रियेच्या पायऱ्या कमी असाव्यात आणि हाती येणारा अर्क निर्भेळ व निसर्गात विघटन होणारा असावा, असा त्यांचा आशय. त्यानुसार चार वाटा प्रामुख्याने रूढ झाल्या. मायक्रोवेव्हमध्ये २४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरी सालीतल्या पाण्याला आतून तापवतात. पेशीत वाफेचा दाब वाढून भिंत फुटते आणि तासांचे काम मिनिटांत होते. अल्ट्रासाउंडमध्ये सेकंदाला २० हजारांहून अधिक कंपनांमुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि फुटताना निघणारी धार पेशीभित्तीला भोके पाडते. एन्झाइमांच्या वाटेत सेल्युलेज, झायलॅनेजसारखी प्रथिने ४०-५० अंशांच्या कोमट पाण्यात भिंतीचे नेमके टाके उसवतात. चौथी वाट दाबाखालच्या अतितप्त पाण्याची: १०० अंशांच्या वर आणि ३७४ अंशांच्या खाली, दाबामुळे द्रवरूपच राहिलेले पाणी स्वतःच सौम्य आम्लासारखे वागू लागते, म्हणून वेगळे आम्ल घालावे लागत नाही.

या प्रत्येक वाटेला स्वतःची मर्यादा आहे आणि ती लपवून कुणाचे भले होणार नाही. मायक्रोवेव्ह लहरी पाण्यात काही सेंटीमीटरच शिरतात. काचेच्या चंबूत साधलेले हजार लिटरच्या टाकीत तसेच साधत नाही. अल्ट्रासाउंडचा जोर कंप देणाऱ्या दांड्याजवळ एकवटतो, आणि बुडबुडे फुटण्याच्या ज्या धक्क्याने भिंत फुटते त्याच धक्क्याने लांब माळही तुटते. एन्झाइमे सौम्य असली तरी संथ व महाग असतात आणि काम झाल्यावर त्यांना उष्णता देऊन निष्क्रिय करावे लागते. अतितप्त पाण्याला जाड भिंतींची दाबपात्रे लागतात. तापमान थोडे चढले की शर्करा करपून नको ते पदार्थ बनतात. कोलीन क्लोराइड आणि सेंद्रिय आम्ले मिसळून केलेली नवी द्रावके हरित म्हणून मिरवतात, पण ती उडून जात नसल्यामुळे अल्कोहोलसारखी ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येत नाहीत. मोठ्या प्रमाणाच्या अडचणीवर एक आशादायक उत्तर मुंबईत घडले आहे. तेथील रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्या वाहत्या प्रवाहातच बुडबुडे निर्माण करण्याच्या तंत्राचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. पंपाने ढकललेले पाणी अरुंद छिद्रातून गेले की दाब घसरतो, बुडबुडे उठतात आणि पुढे फुटतात. त्यासाठी महाग कंपनयंत्र लागत नाही आणि पंप मोठा करणे सोपे असते. इटलीतल्या सिसिलीच्या संशोधकांनी याच प्रकारच्या तंत्राने संत्र्या-लिंबांच्या टाकाऊ सालींतून केवळ पाण्याच्या साहाय्याने पेक्टिन काढून दाखवले आहे.

आता पाण्याच्या हिशेबाकडे वळू. आकडेमोड साधी आहे आणि कुणालाही पडताळून पाहता येईल. समजा १० किलो वाळलेली साल घेतली, त्यात १ भागाला २० भाग या प्रमाणात २०० लिटर पाणी घातले, आणि २ किलो पेक्टिन मिळाले. २०० लिटर पाणी २५ वरून ८५ अंशांवर न्यायला सुमारे ५० मेगाजूल उष्णता लागते. हाती आलेला द्रव फक्त एक टक्क्याचा आहे. त्यात थेट दुप्पट अल्कोहोल ओतायचे तर ४०० लिटर लागेल, म्हणजे प्रत्येक किलो पेक्टिनमागे २०० लिटर, आणि ते सारे पुन्हा ऊर्ध्वपातनाने परत मिळवावे लागेल. म्हणून आधी द्रव आटवून ५० लिटरवर आणला, तर १५० लिटर पाण्याची वाफ करावी लागते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाजूल लागतात. म्हणजे १५० लिटरांना जवळपास ३४० मेगाजूल. तापवण्याला ५० आणि आटवण्याला ३४०! मायक्रोवेव्हने तापवण्याची निम्मी ऊर्जा वाचवली असे धरले, तरी एकूण ३९० मधून २५ च वाचतात, सहा टक्क्यांच्या आसपास. भारतात विजेचा मोठा वाटा कोळशातून येतो आणि कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज बनून तारेत उतरतो, हे लक्षात घेतले तर ही बचतही विरून जाऊ शकते. ‘तीन तासांचे काम दहा मिनिटांत’ हे वाक्य घड्याळाबद्दल खरे आहे. ते कोळशाबद्दलही खरे असेलच असे नाही.

मग नव्या पद्धतींचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, फक्त तो वेगळ्या जागी शोधायला हवा. वरच्याच उदाहरणात भिंत नीट फुटल्यामुळे २०० ऐवजी १०० लिटर पाण्यात तेवढेच पेक्टिन उतरले असे धरू. तापवायला २५ मेगाजूल, आणि ५० लिटरपर्यंत आटवायला सुमारे ११३. एकूण ३९० वरून १४० च्या घरात आपण आलो. हरितपणा मिळाला तो लहरींमुळे नव्हे, लहरींनी कमी पाण्यात काम भागवू दिले म्हणून. पुढची पायरी म्हणजे पाणी आटवण्याऐवजी गाळणे. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने पाणी, क्षार आणि छोटे रेणू निघून जातात, लांब माळा मागे राहतात. पाण्याची वाफच करावी लागत नसल्याने खर्च कितीतरी उतरतो आणि रेणूला उष्णतेचा चटका बसत नाही. पडदे तुंबतात, ते धुवावे लागतात, द्रव फार घट्ट झाला की वेग मंदावतो. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या सोडवण्यातच पुढचे संशोधन खर्ची पडायला हवे. आटवणे अटळ असेल तिथे महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांकडे बघावे. एका पात्राच्या वाफेवर दुसरे पात्र तापवण्याची युक्ती नॉर्बर्ट रिलिय याने अमेरिकेत १८४३ मध्ये पेटंट केली. चार पात्रांच्या मालिकेत एक किलो वाफ तीन-साडेतीन किलो पाणी उडवते. १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झालेल्या सहकारी कारखान्यापासून पुढे ग्रामीण महाराष्ट्राने या विद्येत हात बसवला आहे. तिथे उसाचे चिपाड जाळून वाफ होते आणि मळीपासून अल्कोहोलही बनते. वाफ, अल्कोहोल आणि आटवण्याचे कसब, हरित निष्कर्षणाला लागणाऱ्या या तिन्ही गोष्टी एका कुंपणात आधीच नांदत आहेत. पॉलिसॅकॅराइडांचे द्रव उसाच्या रसाहून चिकट आणि उष्णतेला नाजूक असतात, म्हणून यंत्रे जशीच्या तशी चालणार नाहीत. तरी पाया तयार आहे.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो: आपल्या काढ्यांत, अर्कांत केवळ पाणीच होते, मग त्या पद्धती आपोआप हरित ठरत नाहीत का? शार्ङ्गधरसंहितेत काढ्यासाठी एक भाग औषधीला सोळा भाग पाणी घालून अष्टमांश उरवायला सांगितले आहे, म्हणजे सोळातले चौदा भाग पाणी उडवायचे. एका माणसाच्या मात्रेसाठी हे ठीक आहे. कारखान्याच्या प्रमाणावर तो वरचाच आटवण्याचा खर्च आहे. त्याच ग्रंथात ‘हिम’ आहे, सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवण्याचा, आणि ‘फांट’ आहे, चौपट गरम पाण्यात थोडा वेळ ठेवण्याचा. किती पाणी, किती उष्णता, किती वेळ हे द्रव्य पाहून ठरवायचे, हा विवेक परंपरेने जपला होता आणि तोच आजच्या शास्त्राचाही गाभा आहे. परंपरेकडून घ्यायचा तो हा विवेक. पाणी वापरले म्हणजे काम संपले, असा अर्थ तिच्या नावावर खपवणे हा तिच्यावरच अन्याय होईल. गुळवेलीचे सत्त्व पाण्यात धुऊनच काढतात, पण खोडाच्या मानाने ते इतके थोडे निघते की मागणी वाढली की रानातल्या वेलीवरच कोयता चालतो. द्रावक निर्मळ असूनही कच्चा माल संपत असेल, तर त्या पद्धतीला हरित म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: रेणू वेगळा काढायचाच कशाला, भेंडी खावी, मेथी खावी, आख्खे फळ खावे. यात मोठे तथ्य आहे, आणि ते मान्य केल्याने या विषयाचे बळ वाढते. जिथे आख्खे अन्न काम भागवते तिथे निष्कर्षण करू नये. जिथे कोरड्या रीतीने भागते तिथे ओली रीत वापरू नये. इसबगोलाचे बी दळून, चाळून, पाखडून वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी भुशी वेगळी होते. गवारीच्या बियांची डाळ करून, टरफल आणि अंकुर बाजूला सारून गवार गम मिळतो. चिंचोके भाजून, सोलून, दळून पीठ होते. भारतातले हे मोठे व्यवसाय मुख्यतः जात्या-चाळणीच्या विद्येवर उभे आहेत. त्यांत आटवायला पाणीच नाही. शुद्धता किती हवी, हा प्रश्न म्हणून सर्वांत आधी विचारावा. घोंगडीला खळ हवी असेल तर पीठ पुरे. डोळ्यात घालायच्या औषधी थेंबांसाठी चिंचोक्यातला झायलोग्लुकन हवा असेल तर तो शुद्धच लागतो. आणि काही ठिकाणी आख्खे खाणे शक्यच नसते. मोसंबीची साल कुणी खात नाही. रस काढल्यावर फळाचा जवळपास निम्मा भाग साल आणि चोथा म्हणून उरतो, कुजतो, मिथेन सोडतो. जेवणानंतर साखर कमी वाढावी म्हणून जेवणाबरोबर १० ग्रॅम पेक्टिन घेऊ पाहणाऱ्याची गरज आणि उकिरड्यावर जाणारी ती साल, यांच्यामधला पूल म्हणजे निष्कर्षण.

तिसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो: माळ तुटली म्हणून काय बिघडले, छोटे तुकडेही गुणकारी असतात. काही बाबतीत हे खरे आहे. इन्युलिनसारख्या आखूड माळा आतड्यातल्या उपकारक जीवाणूंचे खाद्य होतात, आणि त्या कामाला घट्टपणा लागत नाही. पण मग तो पदार्थ दुसरा झाला. त्याने लांब माळेच्या नावावर, लांब माळेच्या पुराव्यावर विकले जाऊ नये. ओटच्या अभ्यासाने हीच सावधगिरी शिकवली. उताऱ्याच्या टक्केवारीबाबतही असेच सावध राहावे लागते. नव्या पद्धतीने ‘उतारा वाढला’ असे वाचले की वाढले ते नेमके काय, हे विचारावे. भिंत जोराने फोडली की पेक्टिनबरोबर स्टार्च, प्रथिने, रंगद्रव्ये असे सारेच बाहेर येते आणि तराजूचा काटा खुशाल पुढे सरकतो. खाद्य पेक्टिनसाठी किमान ६५ टक्के गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल ही अट आहे. ती मोजल्याशिवाय सांगितलेला उतारा म्हणजे न पाखडता मोजलेले धान्य. रेणूभार, फांद्या, कोरफडीच्या ॲसिमॅननसारख्या रेणूवरचे ॲसिटिल गट, हे मोजणे कष्टाचे असते; पण त्याशिवाय ‘शाबूत राहिला का’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

उरला चोथा. आर्थिक आक्षेप, म्हणजे ‘हरित पद्धत छोट्या उद्योजकाला परवडणार नाही’ हा, याच ठिकाणी सुटतो किंवा फसतो. केवळ पेक्टिनसाठी साल आणली तर हिशेब तंग राहतो. त्याच सालीतून आधी सुगंधी तेल, मग पेक्टिन, मग हेस्पेरिडिनसारखी द्रव्ये, आणि शेवटी उरलेला तंतू जनावरांच्या खाद्याला, बायोगॅसला किंवा खताला, अशी साखळी जुळवली तर एकाच वाहतुकीवर, एकाच वाळवणीवर चार पदार्थ उभे राहतात. त्यासाठी साल कुठे गोळा होते हे पाहावे लागते. नागपुरी संत्रे सैल सालीचे; लोक ते हाताने सोलून खातात, म्हणून त्याची साल लाखो घरांत विखुरते आणि कारखान्याच्या दारात ढीग होत नाही. जालन्याकडची मोसंबी रसासाठी जाते, तिची साल रसवाल्यांकडे एकवटते. कोकणात हापूसचा रस डबाबंद करणाऱ्या उद्योगांकडे साली आणि कोयी एकाच हंगामात, एकाच जागी साचतात. आंब्याच्या सालीतही चांगले पेक्टिन असते. ओली साल दोन दिवसांत आंबते आणि सालीतलीच एन्झाइमे पेक्टिन कुरतडू लागतात. म्हणून ती लगेच वाळवणे किंवा लगेच वापरणे, आणि तेही जवळच्या जवळ, हा हरित निष्कर्षणाचा सर्वांत दुर्लक्षित पण निर्णायक भाग आहे. कित्येकदा उत्तम यंत्रापेक्षा वेळेवर पोचलेला टेम्पो अधिक पेक्टिन वाचवील.

या विषयात पुढे जाणाऱ्या वाचकाला मायक्रोवेव्ह, अल्ट्रासाउंड, एन्झाइमे, अतितप्त पाणी यांची अनेक वर्णने भेटतील आणि प्रत्येकाबरोबर वाचलेल्या वेळेचे, वाढलेल्या उताऱ्याचे आकडे असतील. ते आकडे टाकून द्यायचे नाहीत, त्यांच्यामागे कष्ट आहेत. पण प्रत्येक वेळी विचारावे: एक किलो शुद्ध पदार्थामागे एकूण किती पाणी लागले आणि ते कसे काढले? अल्कोहोल किती लागले आणि किती परत मिळाले? माळ केवढी लांब राहिली? कच्चा माल रानातून ओरबाडला की उकिरड्यावरून उचलला? आणि शेवटी पात्रात जे उरले ते कुठे गेले? ज्या शोधनिबंधात, ज्या प्रकल्प-अहवालात या प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्याने हरित हा शब्द अजून कमावलेला नाही. हा कडकपणा संशोधकाला नाउमेद करण्यासाठी नाही. या रेणूंचे मोल खरे आहे, म्हणूनच त्यांच्या बाबतीत ढिलाई नको. स्टार्च पाण्याला सोडतो, म्हणून चीक काढणाऱ्या घरात रात्रभर थांबणे पुरत होते. पेक्टिन आणि त्याचे सोबती पाण्याला सोडत नाहीत, म्हणून तिथे शास्त्राला हात घालावा लागतो. तो घालताना पाणी मोजून वापरावे, माळ तुटू देऊ नये आणि चोथ्यालाही कामाला लावावे. असे जमले, तर कुरडयांच्या चिकाने जी शिस्त शिकवली ती कारखान्यातही टिकली, असे म्हणता येईल.